रस्त्याकडचा काळा चौकोन

१

सोमवारी धुणं आणि मंगळवारी इस्त्री, असा डोकिया बोयचुकचा आठवडा लग्न झाल्यापासून ठरलेला होता, आणि त्यातला सोमवार तिला मनापासून नकोसा व्हायचा. धुण्याला पाणी लागतं, पाणी विहिरीत असतं आणि ते आपणहून वर येत नाही. रहाट फिरवून तिची मनगटं सुजायची. मग ती जुन्या चादरीच्या पट्ट्या त्यांवर करकचून बांधायची आणि पुन्हा रहाटाला हात घालायची. नवऱ्याची, हनातची, छाती अधू होती. दोन बादल्या ओढल्या की त्याला खोकल्याची उबळ यायची, त्यामुळे त्याला हाक मारण्यात अर्थ नव्हता.

विहिरीबद्दल मात्र तिची काडीचीही तक्रार नव्हती. त्या सपाट मुलखात कुठंही खणा, पाणी कडू लागायचं, इतकं की गुरंसुद्धा हुंगून तोंड फिरवायची. बोयचुकांच्या विहिरीचं तेवढं गोड. यंदा रस्त्यानं विजेचे खांब येत होते. वीज आली की विहिरीवर पंप बसणार आणि पाणी नळानं थेट स्वयंपाकघरात येणार. आयुष्यात याहून जास्त काही मागितलं नाही, असं डोकिया सगळ्यांना सांगायची. ते अगदीच खरं नव्हतं, पण त्या वर्षापुरतं तरी खरं होतं.

त्या सोमवारी चादरी वाळत घालताना तिला पलीकडे, उंचवट्याच्या माथ्यावरून, लाल काहीतरी फडफडताना दिसलं. ती ओल्या हातांनीच तिकडे गेली. उंचवट्यापलीकडे रस्ता आहे. रस्ता तिथं उगाचच एक बाक घेतो आणि पुन्हा सरळ उत्तरेला लागतो. पृथ्वी गोल आणि सरकारनं आखलेली शेतं चौकोनी, तेव्हा दर काही मैलांनी तो फरक रस्त्यालाच सोसावा लागतो. त्या बाकाजवळ जमिनीत खुंट्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येकीला लाल चिंधी बांधली होती. खुंट्यांची रांग रस्त्यापासून निघून सरळ हनातच्या जुन्या तळघरापर्यंत गेली होती आणि तिथंच संपली होती.

तळघर म्हणजे नुसता खड्डा. वर फळ्या, फळ्यांवर गवत. घर नाही, गोठा नाही, साधं कोंबड्यांचं खुराडंही नाही. डोकियाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं दोन खुंट्या उपटल्या, मग हे आपण काय करतोय असं वाटून त्या पुन्हा रोवल्या, त्याही वाकड्या.

२

"तुझ्या त्या भोकाकडे विजेच्या खुंट्या कशा गेल्या?" तिनं दुपारी सूप वाढता वाढता विचारलं.

हनातनं चमचा खाली ठेवला. "नकाशामुळं असेल."

"कुठला नकाशा?"

"नव्या घरासाठी तळघर खणलं त्या वर्षी तो सरकारी माणूस नव्हता का आला? त्यांनी विमानातून फोटो काढले होते, आणि हा दारोदार फिरून कुठलं घर कुणाचं ते विचारत होता. मी त्याला म्हटलं, आमचं घर आत्ता आहे तिथं दाखवूच नका. हिवाळ्यात आम्ही ते रस्त्याला नेतोय. त्यानं तिथं चौकोन काढला."

"नसलेल्या घराचा?"

"होणारच होतं की तिथं. तूच मोडता घातलास."

यात त्याला वेड्यात काढण्यासारखं काही नव्हतं. तिकडे घरं हलवतात. जमीन गोठली की घराखाली ओंडके सारायचे, पुढं ट्रॅक्टर जोडायचे आणि घर बर्फावरून ओढत न्यायचं. शेजारची शाळा तशीच नेली, भिंतीवरचं घड्याळ चालू ठेवून. तेव्हा जे घर हिवाळ्यात हलणार ते उन्हाळ्यातच नव्या जागी दाखवलं, तर त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. फक्त बोयचुकांचं घर हललं नाही. रस्त्याकडे खणून पाहिलं तर पाणी कडू लागलं, आणि डोकियानं कमरेवर हात ठेवून सांगितलं, "आधी माझी विहीर ओढून ने, मग घर." त्यावरून झालेलं भांडण वसंतापर्यंत पुरलं होतं.

"आता वीज त्या खड्ड्याला येणार," ती म्हणाली. "आणि एकदा खांब तिथं लागला की तू म्हणणार, चल, घर नेऊ."

हनातनं पुन्हा चमचा उचलला. तो नाही म्हणाला नाही, याचाच तिला जास्त राग आला.

३

दुसऱ्या दिवशी इस्त्री तशीच टाकून ती शहरात वीज कंपनीच्या ऑफिसात गेली. टेबलामागं पेटिग्रू नावाचा टायवाला बसला होता आणि त्याच्या मागच्या भिंतीवर तो नकाशा टांगलेला होता. डोकियानं तो पहिल्यांदाच पाहिला. तपकिरी रेषांचे उंचवटे, निळी डबकी, धान्याची कोठारं, चर्चचा क्रूस, सगळं जागच्या जागी. तिची विहिरीकडची पायवाटसुद्धा तुटक रेघांनी दाखवली होती. पण त्या वाटेच्या टोकाला पांढरा कागद होता. घराचा बारकासा काळा चौकोन रस्त्याच्या बाकाशी बसला होता.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "आमचं घर इथं आहे." आणि तिनं पांढऱ्या कागदावर बोट ठेवलं.

"बाई, नकाशा सरकारी आहे. त्यात आम्ही खाडाखोड करू शकत नाही."

"मग करा फोन सरकारला."

"सरकारला असा फोन होत नाही."

"मी त्या घरात राहते हो. आज सकाळी तिथूनच निघाले."

पेटिग्रूनं पेन्सिल खाली ठेवली. नकाशा बघून घरं वाटणाऱ्या, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला जितकं नम्र राहता येतं तितका तो राहिला. "आणि नुसता नकाशा नाही, आमचा माणूस जागेवर जाऊन आलाय. हे काय, आलेच ते. क्रॉफर्ड, बोयचुकांकडे तुम्हीच गेला होतात ना?"

दारात एक उंचापुरा माणूस बुटांचा चिखल झटकत उभा होता. खांब रोवणाऱ्या टोळीचा मुकादम. डोकियाला बघून त्यानं टोपी काढली.

"या बाई. त्या दिवशीच्या कॉफीबद्दल पुन्हा एकदा आभार."

"कसली कॉफी? मी तुम्हाला आयुष्यात पाहिलेलं नाही."

क्रॉफर्ड हसला, चेष्टा चालली आहे असं समजून. "आणि ती खसखशीची पोळी. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती रुसली. तुमच्या टेबलावरच्या मेणकापडावर इस्त्रीचा डाग आहे ना, तस्साच तिनंही पाडलाय. पाणी तेवढं जरा कडू आहे तुमचं, रागावू नका. या भागात तसंच असतं."

डोकियाच्या मेणकापडावर इस्त्रीचा डाग होता. खसखशीची पोळी ती दर शनिवारी करायची. तिनं स्वतःला समजावलं की पोळी काय, डाग काय, जुन्या देशातून आलेल्या आपल्या लोकांच्या प्रत्येक घरात सापडेल. हा बाबा कुणाच्या तरी दुसऱ्याच घरी जाऊन आला असणार. डोक्याला रुमाल बांधलेली प्रत्येक बाई या लोकांना सारखीच दिसते. राग आला की तिला बरं वाटायचं, तसं आताही थोडं वाटलं.

"माझ्या विहिरीचं पाणी गोड आहे," ती म्हणाली. "कधीही येऊन पिऊन बघा."

"येऊ की," क्रॉफर्ड म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तुमच्याकडेच खांब रोवायचाय."

ती हात हलवत परत आली.

४

त्या भागात एकाच तारेवर सात घरांचे टेलिफोन होते. एकीनं दुसरीला फोन केला की बाकीच्या पाच जणी रिसीव्हर उचलून श्वास रोखून ऐकायच्या, आणि तो कुणी रोखलेला आहे हे सगळ्यांना ओळखू यायचं. गुरुवारी स्तेफ्काचा फोन आला. डोकियाच्या मुलीला बाप्तिस्म्यात तिनं हातांवर धरलं होतं, त्यामुळे दोघी एकमेकींना 'कुमा' म्हणायच्या. मुलगी लग्न होऊन दूर गेली, कुमापण राहिलं.

"वीज यायच्या आधीच एवढी मिजास, कुमा?" स्तेफ्का म्हणाली.

"कसली मिजास?"

"काल रस्त्यानं गेले मी गाडीवरून. तू दारातच धुणं वाळत घालत होतीस. हात केला, हाक मारली. मान वर करायला तयार नाहीस."

"काल बुधवार होता. मी बुधवारी कधी धुणं काढलंय?"

"तेच मी आमच्या पेत्रोला म्हटलं. म्हटलं, बुधवारी धुणं, काहीतरी बिनसलंय."

"आणि माझं दार रस्त्यावर कुठं आहे, स्तेफ्का? रस्त्यावरून माझं छप्परसुद्धा दिसत नाही. मध्ये उंचवटा आहे."

मग स्तेफ्का हळूच म्हणाली, "नव्या घरी गेलात ना तुम्ही?"

"कोण म्हणालं?"

"कुणी कशाला म्हणायला पाहिजे? दिसतंय की. मला वाटलं, हलवताना बोलावलं नाहीस म्हणून मीच रुसायला हवं."

"चिमणीतून धूर येतो सकाळी," तिसराच आवाज मध्ये बोलला. ती म्हातारी यारोश होती. चोरून ऐकताना पकडलं गेल्याचं तिला कधीच काही वाटायचं नाही. "मी चर्चला जाताना बघते. छान दिसतं रस्त्याला घर."

डोकियानं रिसीव्हर आदळला. खिडकीबाहेर तिची विहीर होती, रहाट होता, वारा अडवायला तिनं स्वतः लावलेली झुडपं होती. सगळं जिथं असायला हवं तिथंच होतं. तरी तिनं ते पुन्हा एकदा नजरेनं मोजून पाहिलं आणि त्याबद्दल तिला स्वतःचीच चीड आली. स्तेफ्काला चष्म्याशिवाय बैल आणि घोडा यांतला फरक कळत नाही. यारोश तर ऐंशीच्या पुढची. एकीनं नकाशा पाहिला असेल, दुसरीला सांगितलं असेल, आणि आता सगळ्यांना ते दिसायला लागलं असेल. माणसं अशीच असतात, असं तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

तरी ती तळघराकडे गेलीच. फळ्या, गवत, काटे. कान देऊन उभी राहिली. वाऱ्याशिवाय काही नाही. निघताना फळीच्या कडेला तिला कपड्याचा लाकडी चिमटा दिसला, आणि त्याला लाल दोरा गुंडाळलेला होता. ती आपल्या चिमट्यांना तसाच दोरा गुंडाळायची. वारा तिकडे चिमटेच काय, कोंबड्याही उडवून नेतो. तिनं चिमटा खिशात घातला. घरी येऊन आपले चिमटे पाहिले तर एकही कमी नव्हता.

५

शनिवारी तिनं हनातच्या आवडीच्या बटाट्याच्या पिरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्या, केल्या आणि वर तळलेला कांदा घातला. मनातून तिला त्याच्याशी समेट करायचा होता. तो माझ्या बाजूनं शहरात येऊन उभा राहिला तर पेटिग्रूला ऐकावं लागेल, असा तिचा बेत होता. हनात आला, टोपी खिळ्याला अडकवली आणि ताटाकडे बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"पुन्हा?"

"पुन्हा काय?"

"आत्ताच तर जेवलो."

"कुठं जेवलास?"

त्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू तीच मुद्दाम त्याला छळते आहे. "डोकिया, उगाच सुरू करू नकोस. पोट भरलंय माझं."

"हनात, मी विचारते, कुठं जेवलास? कुणी वाढलं?"

"तूच वाढलंस. आणि चांगली हसत होतीस की तेव्हा. दोन मिनिटांत काय झालं तुला?"

त्याच्या मिशीला कांदा लागला होता. ताटातल्या पिरोहीला अजून कुणी हात लावलेला नव्हता. डोकिया खुर्चीवर बसली. भांडायला शब्द शोधत होती, पण इतक्या वर्षांच्या भांडणात असला प्रसंग कधी आला नव्हता.

"तिकडे जाऊ नकोस," एवढंच ती म्हणाली.

"कुठं?" हनातनं विचारलं, आणि तिला वाटलं की त्याला खरोखरच माहीत नाही.

६

सोमवारी धुणं तसंच पडलं. सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. दुपारी पलीकडून हातोड्यांचे आणि माणसांचे आवाज यायला लागले. हनात न्याहारीनंतर कुठं बाहेर पडला ते तिला कळलं नव्हतं. डोकियानं मनगटांवरच्या पट्ट्या आवळल्या आणि निघाली. आज खांबाला मिठी मारून उभी राहायची तिची तयारी होती. कापा म्हणावं मला आधी.

उंचवटा चढून बघते तर काम उरकलं होतं. रस्त्याच्या बाकाशी नवा खांब उभा होता. टोळी ट्रकमध्ये सामान भरत होती. खांबावरून एक तार निघाली होती आणि तिरकी खाली येऊन तळघराच्या फळ्यांमध्ये शिरली होती. तिच्या डोळ्यांना तरी दुसरं काही दिसत नव्हतं. सडलेल्या फळ्या, गवत आणि त्यात शिरलेली कोरी काळी तार.

ती खाली गेली. जवळ जाईपर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं, पण फळ्यांच्या फटींतून उजेड येत होता. पिवळा, स्थिर. कंदिलासारखा हलत नव्हता. आणि खालून एक घुरघुर येत होती, मशीन सुरू असल्याची. तिच्यावर भांड्यांचा आवाज. मग खोकला.

तो खोकला हनातचा होता. बत्तीस वर्षं उशीला उशी लावून ऐकलेला, शेवटी एक बारीक शीळ असलेला.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं फटीला डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग मेणकापडाचा कोपरा आणि त्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग. मग एक हात आला आणि डागाशेजारी पाण्यानं भरलेला पेला ठेवून गेला. बोटं तिची होती. सुरी लागून वाकडं झालेलं नखही तिचंच. फक्त मनगट तिचं नव्हतं. ते सडपातळ होतं, कुठंही सूज नव्हती, जन्मात कधी रहाट न ओढलेल्या बाईचं असतं तसं.

"हनात," डोकियानं हाक मारली.

खालची भांडी थांबली. "बघ रे जरा," एक बाई त्रासलेल्या सुरात म्हणाली, "पुन्हा आलंय वाटतं कुणीतरी." तो आवाज डोकियानं स्वतःच शहरात, टेलिफोनवर, जेवणाच्या टेबलावर गेला आठवडाभर काढलेला होता. खुर्ची सरकली. लाकडी पायऱ्या वाजायला लागल्या, एकेक, वरच्या दिशेनं.

डोकिया घाबरली. इतका वेळ तिनं ते रागाखाली दाबून ठेवलं होतं. ती उठून मागं मागं सरकत रस्त्यापर्यंत आली आणि ट्रकच्या दाराला टेकली. आत क्रॉफर्ड बसला होता.

"झालं बाई तुमचं काम," तो आनंदानं म्हणाला. "पंप पहिल्या झटक्यालाच सुरू झाला. आणि ऑफिसात मी पाण्याला नावं ठेवली, ते शब्द मागं घेतो बरं का. आत्ता पेलाभर प्यालो. अगदी गोड. काय केलंत काय?"

ट्रक निघून गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही आणि उंचवट्यावरून धावत सुटली.

घर जागेवर होतं. चादरी घमेल्यात तशाच होत्या. खिळ्याला हनातची टोपी नव्हती. डोकिया थेट विहिरीवर गेली, दोर सोडला आणि रहाटाला हात घातला. बादली वर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पाणी बरंच खाली गेलं होतं. तिनं बादलीच कलती करून काठाला तोंड लावलं.

पाणी कडू होतं.

तिनं ते थुंकलं, बादली झुडपांत रिकामी केली आणि दोर पुन्हा सोडला. दुसरी बादलीही कडू निघाली. तिनं तीही ओतली. विहिरीच्या तळातून बारीक घुरघुर ऐकू येत होती आणि मनगटांवरच्या पट्ट्या सैल होऊन लोंबत होत्या. त्या बांधायला थांबलं तर जे झालं ते मान्य केल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा दोर सोडला.